एकच आज्ञावली, अनेक दुभाषे

संगणकाला आपण लिहिलेली आज्ञावली परस्पर कळत नाही. ती वाचून त्याच्याकडून काम करवून घेणारा दुभाषा मध्ये असावा लागतो. त्यालाच इंटरप्रीटर म्हणतात. हा दुभाषाही काळानुसार बदलतो, हे मात्र आपण विसरतो.

गीडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवलेली ‘पायथन’ ही भाषाच घ्या. सात रुपये दोघांत वाटावयास सांगितले, तर तिची दुसरी आवृत्ती प्रत्येकास तीन देई आणि एक रुपया नाहीसा होई. २००८ साली निघालेली तिसरी आवृत्ती साडेतीन देऊ लागली. पुढे २०१८ साली ३.७ या आवृत्तीने ‘एसिंक’ हा शब्द स्वतःकडे राखून ठेवला. ज्यांनी तो नाव म्हणून योजला होता, त्यांच्या आज्ञावल्या जागीच अडल्या.

यांत अधिक घातक काय? आम्ही म्हणू, तो रुपया. अडलेली आज्ञावली निदान ओरडते. चुकलेला भागाकार मुकाट्याने वहीत जाऊन बसतो.

हल्ली दरवर्षी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येकीची देखभाल सुमारे पाच वर्षे होते. म्हणजे चारपाच दुभाषे एकाच वेळी नांदत असतात. तेव्हा एक ओळ बदलली, तरी ज्यांची उत्तरे आधी ठाऊक आहेत असे तेच प्रश्न प्रत्येकाला स्वतंत्रपणे घालून पाहावेत. ‘टॉक्स’ नावाचे साधन हे काम एका आज्ञेसरशी करते.

‘आमच्याकडे चालते’ एवढ्यावर आपण थांबू नये. रुपया हरवतो तो दुसऱ्याच्या घरी.