पुस्तक पहिले : पाणी (मुलांबरोबर बसून पाहावी अशी एक मालिका)



'अवतार' म्हटले की आपल्याला दशावतार आठवतात, आणि मुलांना आठवतात जेम्स कॅमरूनच्या २००९ च्या चित्रपटातली निळी माणसे. आज ज्याच्याबद्दल लिहितोय तो अवतार तिसराच. 'ॲव्हटार : द लास्ट एअरबेंडर' ही अमेरिकन कार्टून मालिका २१ फेब्रुवारी २००५ रोजी निकलोडियनवर सुरू झाली आणि जुलै २००८ मध्ये, ६१ भागांनंतर संपली. बुकित पंजांगमधल्या आम्ही तीन-चार मराठी कुटुंबांनी जूनच्या सुट्टीत तिचा पहिला सीझन मुलांबरोबर पाहिला. 'कार्टून काय बघायचे' म्हणत बसलेले आम्ही मोठेच शेवटी 'अजून एक भाग' म्हणायला लागलो! म्हणून हा लेखप्रपंच.

आधी कथा थोडक्यात. या जगात चार राष्ट्रे आहेत : जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू. प्रत्येक राष्ट्रातल्या काही लोकांना आपापले तत्त्व हवे तसे वळवण्याची विद्या येते. चारही विद्या येणारा एकच, तो म्हणजे अवतार. अग्निराष्ट्राने पुकारलेले युद्ध शंभर वर्षे चालू आहे आणि अवतार बेपत्ता आहे. कटारा आणि सोका या बहीणभावांना दक्षिण ध्रुवावर एका हिमनगात तो सापडतो. आंग नावाचा बारा वर्षांचा, टकलू, खेळकर मुलगा! पहिल्या सीझनचे नाव 'पुस्तक पहिले : पाणी', कारण आंगला जलविद्या शिकवणारा गुरू शोधत ही मुले उत्तर ध्रुवापर्यंत जातात. भाग २०, प्रत्येक साधारण २३ मिनिटांचा.

आता आपल्या ओळखीच्या गोष्टी. पंचमहाभूतांपैकी इथे चारच आहेत, आकाश नाही. 'अवतार' शब्द आपला असला तरी अर्थ जरा वेगळा आहे. आपल्याकडे देव खाली उतरतो आणि त्याला आपले कार्य ठाऊक असते. इथे एकच आत्मा वायू, जल, पृथ्वी, अग्नी या क्रमाने माणसाचा जन्म घेत राहतो. म्हणजे खरे तर हा पुनर्जन्म! लहानग्या आंगने हजारो खेळण्यांतून नेमकी आधीच्या अवतारांची चार खेळणी उचलली, त्यावरून भिक्षूंनी त्याला ओळखले. तिबेटमध्ये दलाई लामांना शोधण्याच्या पद्धतीवरून ही कल्पना सुचलेली दिसते. द्वंद्वयुद्धाला इथे 'अग्नी काई' म्हणतात, त्यातला अग्नी आपलाच.

सिंगापूरकरांना आणखी एक गंमत कळेल. निर्माते मायकेल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को यांनी सिफू किसू या युद्धकला प्रशिक्षकाच्या मदतीने प्रत्येक विद्येला खरी चिनी युद्धकला नेमून दिली. पाण्याला ताई ची, पृथ्वीला हुंग गार, अग्नीला उत्तर शाओलिन आणि वायूला बा ग्वा. सकाळी ब्लॉकखाली ताई ची करणारे आजी-आजोबा आपण रोज पाहतो. तेच संथ, वळणदार हात पडद्यावर लाट उचलतात! चित्रातली चिनी अक्षरेही खरी आहेत, आमच्या मुलांच्या चिनी मित्रांनी ती धडाधड वाचून दाखवली.

पण मालिका लक्षात राहते ती भावनांमुळे. तिसऱ्या भागात आंग आपल्या वायुमंदिरात परततो आणि त्याला गुरू ग्यात्सो यांचा सांगाडा दिसतो. त्याचे सगळे लोक मारले गेले आहेत, तो शेवटचा. लहान मुलांच्या मालिकेत हे इतक्या सरळपणे दाखवलेले आम्ही क्वचितच पाहिले आहे. बारावा भाग 'द स्टॉर्म' तर सीझनचा कळसच. आंगचा पाठलाग करणारा राजपुत्र झुको तोवर खलनायक वाटतो. इथे कळते की कोवळ्या सैनिकांचा बळी द्यायला भर सभेत विरोध केला म्हणून सख्ख्या बापाने त्याचा चेहरा भाजून त्याला हद्दपार केले. त्याच भागात आंग गुरूंपासून तोडले जाण्याच्या भीतीने पळालेला दिसतो. दोघेही घर हरवलेली मुले! झुकोचा काका आयरो स्वतःचा मुलगा गमावून बसलेला, म्हणून पुतण्याला जपणारा. त्याला आवाज देणारे माको २००६ मध्ये वारले.

आम्हाला सर्वात लागून राहिली ती कटाराच्या गळ्यातल्या पट्ट्याची गोष्ट. आईची आठवण म्हणून ती तो जपते. अठराव्या भागात उलगडते की तो मुळात आजीचा. मुलींना युद्धविद्या न शिकवणाऱ्या उत्तरेकडून आजी तरुणपणी निघून आली होती आणि घरात कोणालाच ते सांगितले नव्हते. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या घरांतही असेच काहीबाही न सांगता राहून जाते. इथल्या शाळांत मातृभाषा म्हणून हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू, तमिळ घेता येते, पण मराठी नाही. आंगवर जे ओढवले त्याची आपल्याशी तुलना मुळीच नाही. पण आपल्यानंतर हे कोण बोलणार, हा प्रश्न त्याचाही आहे आणि आपलाही. तो भाग संपल्यावर एका मुलीने विचारले, "आजी लग्नाआधी कुठे राहायची?" आम्ही सरळ आजीलाच फोन लावून दिला. तासभर चालला!

काही सूचना. सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना दाखवायला हरकत नाही, पण तिसरा भाग आणि शेवटचे दोन भाग बरोबर बसून पाहा. अकरावा भाग चुकला तरी बिघडत नाही. २०१० चा एम. नाइट श्यामलन यांचा चित्रपट आधी पाहू नका. वीस भागांची कथा त्यांनी पावणेदोन तासांत कोंबली. त्यात 'अवतार'चा उच्चार आपल्यासारखा आहे, पण आत्मा हरवला आहे! नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये खऱ्या कलाकारांसह आठ भाग काढले, ते नंतर पाहिले तर तुलना करायला मजा येते.

असो. पुढच्या सुट्टीत जमेल तेव्हा पाहाच. आणि 'पट्टा' कुठून आला हे मुलांनी विचारले, तर त्या वेळी टीव्ही बंद करून सांगत बसा. पुढचा भाग थांबेल.