हिस्टामिन: खाजेच्या पलीकडे

डावोस म्हटले की आपल्याला आठवतात ते दर जानेवारीत तिथे होणारे सामंजस्य करार आणि त्यांचे फोटो. त्याच गावात अ‍ॅलर्जी आणि दमा यांवर संशोधन करणारी एक स्विस संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये मधमाश्या पाळणाऱ्यांवरचे एक काम प्रसिद्ध केले. हंगाम सुरू झाला की या लोकांना डंखावर डंख बसतात, तरी ते खुशाल असतात. पहिल्या डंखांनंतर आठवड्याभरातच त्यांच्या रक्तातल्या, माशीचे विष ओळखणाऱ्या टी पेशी पवित्रा बदलतात आणि दाह शमवणारे आयएल-१० हे प्रथिन सोडू लागतात. हंगाम संपला की दोन-तीन महिन्यांत सारे पूर्ववत. या बदलामागे ज्यांचा हात दिसला त्यांत एक नाव अनपेक्षित होते: हिस्टामिन.

अनपेक्षित अशासाठी, की हिस्टामिनची ख्याती नेमकी उलट आहे. अंगावर पित्त उठते, आपण आमसूल चोळतो, शिंकांनी बेजार होतो, ते याच्यामुळेच. हिस्टिडीन या अमिनो आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की हा चिमुकला रेणू तयार होतो. 1910 च्या सुमारास लंडनच्या हेन्री डेल यांनी तो प्राण्यांना टोचून पाहिला, तेव्हा रक्तदाब कोसळला आणि श्वासनलिका आवळल्या. पण तो आपल्या शरीरात मुळातच असतो, हे पक्के व्हायला 1927 उजाडले, आणि त्याचे मुख्य कोठार मास्ट पेशी हे कळायला 1953. अ‍ॅलर्जीच्या माणसात या पेशींवर आयजीई प्रतिपिंडे टपून बसलेली असतात. परागकण किंवा विष त्यांना चिकटले, की काही मिनिटांत साठा बाहेर.

बाहेरून आयते आलेले हिस्टामिनही तेच करते. बांगडा, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर. बर्फाविना ते उन्हात राहिले की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. मग चेहरा लाल होतो, डोके ठणकते. ‘मला बांगड्याची अ‍ॅलर्जी आहे’ म्हणणाऱ्या काहींची खरी तक्रार बर्फाबद्दल असायला हवी. एकदा तयार झालेले हिस्टामिन कितीही शिजवले तरी जात नाही.

मग तोच रेणू दाह शमवतो कसा? उत्तर त्याला झेलणाऱ्या रिसेप्टरांत आहे. पहिली अँटीहिस्टामिन द्रव्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोवे यांच्या कामातून 1937 मध्ये सापडली. अशा द्रव्यांनी शिंका थांबत, पण जठरातले आम्ल काही थांबेना. म्हणजे रिसेप्टर एकाहून अधिक असणार. शिंकांमागचा तो एच-१. 1972 मध्ये जेम्स ब्लॅक यांनी दुसरा, एच-२, रोखून दाखवला आणि त्यातूनच अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचे एक घराणे निघाले. पुढे मेंदूतला एच-३ आला. 2000 मध्ये एच-४ सापडला, तो मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवरच.

डावोसच्याच गटाने 2001 मध्ये ‘नेचर’मध्ये या विषयाची खरी गाठ सोडवली. रोगजंतूंशी लढ्याला चेतवणाऱ्या टीएच-१ पेशींवर एच-१ अधिक असतो आणि त्यातून हिस्टामिन त्यांना जोर देते. अ‍ॅलर्जीला खतपाणी घालणाऱ्या टीएच-२ पेशींवर एच-२ अधिक. एच-२ उद्दीपित झाला की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि दोन्ही प्रकारच्या पेशी मवाळ होतात. मधमाश्या पाळणाऱ्यांच्या विष ओळखणाऱ्या पेशींवर हाच एच-२ वाढलेला आढळला. याची चाहूल तशी जुनीच: रक्तातल्या बेसोफिल पेशींनी सोडलेले हिस्टामिन त्यांनाच आणखी सोडण्यापासून रोखते, हे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसले होते. औषध कंपन्यांचे लक्ष मात्र शिंका आणि आम्ल यांवरच राहिले. बाजार तिथेच होता, हे मान्य. पण त्यामुळे हिस्टामिन म्हणजे फक्त उपद्रव, असा समज दृढ झाला.

केमिस्टकडची सेट्रिझिन फक्त एच-१ अडवते. खाजेला ती पुरते. पण डंखानंतर घसा आवळू लागला, चक्कर आली, तर तिच्या भरवशावर बसू नये. तिथे अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शनच लागते.

हिस्टामिन स्वतःच औषध म्हणून वापरले जाते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया किमोथेरपीने आटोक्यात आल्यावर तो उलटू नये म्हणून युरोपात 2008 मध्ये हिस्टामिन डायहायड्रोक्लोराइडला मान्यता मिळाली, तीही आयएल-२ या प्रथिनाच्या जोडीने. मायलॉइड पेशी ऑक्सिजनचे विखारी रेणू सोडून कर्करोगाशी लढणाऱ्या एनके आणि टी पेशींना गारद करतात. हिस्टामिन त्यांच्या एच-२ वर बसून ही फवारणी बंद पाडते आणि आयएल-२ ला त्या लढवय्या पेशी जागवता येतात. औषध कातडीखाली, दिवसातून दोनदा टोचायचे. मात्रा अवघी अर्धा मिलिग्रॅम, पण ती देताना निदान पाच मिनिटे लावायची. घाईने टोचले तर चेहरा तापतो, डोके दुखते आणि रक्तदाब उतरतो, डेल यांच्या प्रयोगातल्या प्राण्यांचा उतरला होता तसाच.