अंतरा आठवेना तेव्हा...

जयंतीचा कार्यक्रम. सारी वस्ती समोर बसलेली. पेटी, ढोलकी रंगात आलेली. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला आणि दुसरा अंतरा एकदम पुसला गेला! महिनाभर रोज म्हटलेले गाणे. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. त्या रात्रीनंतर आमचा मुख्य गायक माईकला हात लावीना.

बंधू-भगिनींनो, हा बुद्धीचा दोष नाही. आपण पाठांतर नेहमी पहिल्या ओळीपासून करतो. त्यामुळे प्रत्येक ओळ मागच्या ओळीचे बोट धरून येते. सभेच्या भीतीने एक निसटली की पुढची साखळीच तुटते.

म्हणून आम्ही तालमीची रीत बदलली. गाणे आधी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने वहीत उतरवायचे. कोणत्या अंतऱ्यात कोणता प्रसंग, हे बाजूला एका शब्दात लिहायचे: जन्म, शाळा, तळे, दीक्षा. शब्द गेला तरी प्रसंग आठवतो आणि प्रसंग शब्दाला घेऊन येतो. मग वही मिटून कधी तिसऱ्या, कधी शेवटच्या अंतऱ्यापासून म्हणायचे. एका रात्रीत पन्नास वेळा घोकण्यापेक्षा पाच दिवस दहा-दहा वेळा म्हटलेले जास्त टिकते. भाकरी थापताना, पाळीवर जाताना मनातल्या मनात म्हणता येते. शेवटी घरच्यांना समोर बसवून, उभे राहून, साथीसह गायचे.

प्राचीन भिक्खूसंघात सुत्ते मुखोद्गत ठेवणाऱ्यांना भाणक म्हणत. ते एकत्र पठण करीत, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानात येई. आपला कोरसही असाच हवा.

एवढे करूनही विसरले तर? अमेरिकेच्या कृष्णवर्णीय गायिका एला फिट्झजेराल्ड १९६० साली बर्लिनमध्ये ‘मॅक द नाइफ’ गाताना शब्द विसरल्या. पण थांबल्या नाहीत. विसरल्याचेच शब्द जुळवून त्या तालासुरात गात राहिल्या. त्याच ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी पारितोषिक मिळाले!

तेव्हा ठेका थांबवू नये. कोरसने मुखडा पुन्हा धरावा आणि एकाने पुढच्या अंतऱ्याचा पहिला शब्द हळूच पुरवावा. हे काम कोणाचे, ते आधीच ठरवावे.

पुढच्या जयंतीला आमचा गायक भीतभीत उभा राहिला. दुसऱ्या अंतऱ्याला पुन्हा अडखळला. आम्ही मुखडा उचलला, कोणीतरी शब्द दिला आणि गाणे पुढे गेले. समोरच्यांना वाटले, मुखडा मुद्दामच दोनदा घेतला!