मन मोकळं करायचंय? आधी 'कोण बघणार' ते बघा

ब्रेकअप, लागलेली केटी, घरातलं भांडण. रात्री दीड वाजता हे सगळं स्टोरीवर टाकलं की जरा हलकं वाटतं. मग सुरू होतं कोणी कोणी बघितलं ते तपासणं. हलकं वाटणं आणि ही धाकधूक एकाच पोस्टमधून येतात, पण दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

१९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील या अमेरिकन संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, त्रासदायक अनुभवांबद्दल लिहायला सांगितलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना उलट जास्तच वाईट वाटलं. पण घटनेसोबत भावनाही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तिथे ना लाइक होते, ना व्ह्यू.

आपल्या मुंबईत तर इंटरनेटच्या कितीतरी आधीचं उदाहरण आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढायचे. घरी उच्चारताही न येणारे लैंगिक प्रश्न वाचक त्यांना पत्रातून विचारायचे आणि कर्वे मासिकात उत्तरं द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर (हो, दादरच्या राजगृहाचे). खटला हरले, पण मासिक १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत चाललं. पत्र लिहिणाऱ्याला निदान एक जाणकार माणूस उत्तर देणार हे माहीत होतं.

स्टोरीचं तसं नाही. ४०० फॉलोअर्समध्ये शाळेतला मित्र, लालबागच्या काकू आणि ऑफिसचा मॅनेजर एकाच रांगेत उभे. मी स्वतः अ‍ॅप बनवतो; आम्ही टॅप मोजतो, कोणाला किती बरं वाटलं ते नाही. शिवाय २४ तासांनी स्टोरी जाते, स्क्रीनशॉट जात नाही. आणि स्टोरीचा स्क्रीनशॉट काढला तर इन्स्टाग्राम तुम्हाला कळवतही नाही.

म्हणून आधी नोट्समध्ये लिहा, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करा. सकाळी वाचा. तरीही सांगावंसं वाटलं तर एका मित्राला व्हॉइस नोट पाठवा. 'क्लोज फ्रेंड्स' वापरत असाल तर ती यादी आधी उघडून बघा, बहुतेकांची दोन वर्षांपूर्वीची असते. आणि रात्र फारच जड जात असेल, तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.