मेक अ डिफरन्स (वाक्प्रचार)

'मेक अ डिफरन्स' हा इंग्लिश भाषेतील एक वाक्प्रचार आहे. एखाद्या व्यक्तीमुळे किंवा कृतीमुळे परिस्थितीत जाणवण्याजोगा बदल होणे, असा त्याचा अर्थ होतो. 'डिफरन्स' म्हणजे केवळ फरक. तो चांगला की वाईट, हे त्या शब्दात नाही. तरीही समाजसेवा, शिक्षण, दानधर्म अशा संदर्भांत हा बदल हिताचाच आहे, असे गृहीत धरले जाते. त्यामुळे नेमका कोणता बदल आणि कोणासाठी, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते.

इतिहास

पूर्वीच्या इंग्लिशमध्ये 'दोन गोष्टींत भेद करणे' याही अर्थाने हे शब्द वापरले जात. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात ते शुद्ध आणि अशुद्ध प्राणी वेगळे ओळखण्याविषयी आले आहेत. हा अर्थ पुढे मागे पडला. आजच्या अर्थाचे परिचित उदाहरण म्हणजे तारामाशांची गोष्ट. किनाऱ्यावर असंख्य तारामासे पडलेले असताना एकेक उचलून समुद्रात टाकणाऱ्याला 'याने काय होणार?' असे विचारले जाते. निदान या एकाला तरी फरक पडला, असे तो सांगतो. ही गोष्ट लॉरेन आयझली यांच्या 'द स्टार थ्रोअर' या १९६९ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या निबंधावरून रूढ झाली. मूळ निबंधात मात्र हे उत्तर नाही आणि त्याचा सूरही बराच गंभीर आहे.

मराठीतील वापर

'फरक करणे' असे शब्दशः भाषांतर येथे चालत नाही. मुलगा आणि मुलगी यांत फरक करणे म्हणजे दुजाभाव. म्हणजे ते बायबलमधील जुन्या अर्थाच्या जवळ जाते. मराठीत फरक 'पडतो' किंवा 'पाडला' जातो. 'तिच्या शिकवण्याने फरक पडला' या वाक्यात कर्ता फरक आहे, शिकवणारी नव्हे. इंग्लिशमध्ये कर्तेपण सहसा तिच्याकडे जाते. आजारपणात विचारल्या जाणाऱ्या 'औषधाने फरक पडला का?' या प्रश्नात मात्र मराठीतही फरक म्हणजे सुधारणाच. 'काय फरक पडतो?' यात बेफिकिरी असते.

आवाहनांत 'उपयोग होणे', 'हातभार लागणे', 'कामी येणे' हे पर्याय अधिक स्वाभाविक ठरतात. रक्तदानाच्या फलकावर 'तुम्ही फरक घडवू शकता' हे भाषांतर वाटते. 'तुमच्या रक्ताने एखाद्याचा जीव वाचू शकतो' या वाक्यात काय होणार ते कळते.