सॅक घेताय? आधी वजनकाटा काढा!

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात नागपूरच्या बर्डीवर पाय ठेवायला जागा नसते. (सीताबर्डीला आम्ही नागपूरकर नुसतं ‘बर्डी’च म्हणतो, बरं का!) विदर्भातल्या उन्हामुळे आमच्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्यामुळे वह्या, रेनकोट, बूट, डबे आणि दप्तरं यांची सगळी गर्दी त्या चार दिवसांत उसळते.

त्या गर्दीत मी माझ्या भाचीबरोबर उभा होतो. ती यंदा नववीत. बाबांचा जुना लॅपटॉप आता तिच्या वाट्याला आलाय. आठवड्यातून दोनदा प्रकल्पासाठी तो शाळेत न्यायचा. शिवाय एक शनिवार आड चंद्रपूरला आजीकडे जायचं, तेव्हाही तो बरोबर हवाच. म्हणजे शाळेला आणि प्रवासाला चालेल अशी एकच सॅक घ्यायची होती.

“मामा, ती!” तिनं बोट दाखवलं. सॅक काळीभोर, चकचकीत आणि चांगली गलेलठ्ठ. बाहेरून मोबाइल चार्ज करायची सोय आणि कप्पे तर मोजता मोजता आम्ही दमलो.

दुकानदार म्हणाले, “घेऊन जा ना भाऊ. पूर्ण घर मावते यात!”

मी तिथंच थबकलो. घर मावतं खरं, पण ते घर उचलणार कोण? आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. भाचीचा चेहरा कसा झाला असेल, ते सांगायला नकोच!

काट्यानं केली पंचाईत

घरी आल्यावर आधी भाचीला वजनकाट्यावर उभं केलं. भरलं ४० किलो. मग गेल्या वर्षीचं दप्तर काढलं आणि लॅपटॉपच्या दिवशी न्यायच्या सगळ्या वस्तू एकेक करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. लॅपटॉप १ किलो ९०० ग्रॅम. चार्जर ४०० ग्रॅम. भरलेली पाण्याची बाटली १ किलो २०० ग्रॅम. डबा ५०० ग्रॅम. झाले चार किलो! अजून एकही पुस्तक आलं नव्हतं. वह्या-पुस्तकं ३ किलो १०० ग्रॅम आणि रिकामं दप्तरच ९०० ग्रॅम. एकूण बेरीज आठ किलो!

“आठ म्हणजे जास्त का रे, मामा?”

याचं उत्तर नियमातच आहे. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. म्हणजे ४० किलोच्या मुलीला ४ किलो. आमची भाची बरोब्बर दुप्पट ओझं वाहत होती.

ओझ्याची जुनी गोष्ट

हा प्रश्न आजचा नाही. ‘मालगुडी डेज’ लिहिणारे आर. के. नारायण राज्यसभेचे सदस्य होते. १९८९ मध्ये तिथल्या आपल्या पहिल्या भाषणात ते कशावर बोलले असतील? मुलांच्या पाठीवरच्या दप्तरावर! पुढे १९९२ मध्ये शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९३ च्या तिच्या अहवालाचं नावच होतं ‘ओझ्याविना शिक्षण’. महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये दहा टक्क्यांची मर्यादा घातली. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणातही तीच मर्यादा आली. त्या धोरणानुसार नववी-दहावीचं दप्तर अडीच ते साडेचार किलोंच्या दरम्यान असावं.

पण मला सगळ्यात जास्त आवडते ती आमच्या चंद्रपूरची गोष्ट. ऑगस्ट २०१६ मध्ये सातवीतल्या दोन मुलांनी तिथं चक्क पत्रकार परिषद घेतली! बारा-तेरा वर्षांची ही मुलं गणवेशाच्या वयातली, आणि समोर सगळे पत्रकार. त्यांनी सांगितलं, की आठ विषयांची निदान सोळा पुस्तकं रोज न्यावी लागतात, ओझं पाच ते सात किलो होतं आणि वर्ग आहे तिसऱ्या मजल्यावर. शाळेला आधी सांगून पाहिलं होतं, उपयोग झाला नव्हता. ही बातमी देशभर गेली.

भाची ऐकतच राहिली. “त्यांना भीती नाही वाटली?”

“वाटली असेल. पण ती नुसती तक्रार करत बसली नाहीत. त्यांच्याकडे आकडे होते!”

लॅपटॉपला जागा कुठे?

आता एक छोटा प्रयोग करा. पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली छातीशी धरून उभे राहा. काही वाटणार नाही. आता तीच बाटली हात सरळ पुढे करून धरा. अर्ध्या मिनिटात हात थरथरायला लागेल! बाटली तीच, वजनही तेच, फक्त अंगापासूनचं अंतर वाढलं. ही तरफेची गंमत.

पाठीवरही हेच घडतं. जड वस्तू पाठीपासून लांब गेली, की सॅक आपल्याला मागे ओढते. तोल सांभाळायला आपण पुढे वाकतो आणि मान व खांदे दुखायला लागतात. म्हणून लॅपटॉपचा कप्पा पाठीला अगदी लागून हवा. त्याच्यापुढे पुस्तकं आणि सगळ्यात बाहेर हलक्या वस्तू.

त्या कप्प्याचा तळ सॅकच्या तळापासून दोन-तीन बोटं वर आहे ना, तेही हात घालून बघा. नाहीतर सॅक बाकावर टेकवली, की पहिला दणका लॅपटॉपलाच बसतो!

आणि मापाचं काय? ‘१५.६ इंच’ म्हणजे लॅपटॉपची लांबी नव्हे, तो पडद्याचा कर्ण. पायथागोरस आठवतोय ना? असा पडदा साधारण ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ सेंटिमीटर उंच असतो. त्याभोवतीची चौकट कुणाची जाड, कुणाची बारीक. म्हणून आम्ही लॅपटॉप पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं त्याची कड आखली आणि पुठ्ठा कापून बरोबर घेतला.

पुन्हा बर्डी!

दुसऱ्या दिवशी आमच्या पिशवीत तो पुठ्ठा होता आणि चार किलो रद्दीचा बांधलेला गठ्ठा. रिकामी सॅक कुणाच्याही पाठीवर छानच दिसते. खरी परीक्षा ती भरल्यावर! दुकानदार आधी हसले, पण मग त्यांनीच गठ्ठा आत ठेवून दिला. भाची प्रत्येक सॅक पाठीवर घेऊन पाच-पाच मिनिटं फिरली. आम्ही काय काय पाहिलं, ते तुमच्यासाठी:

● उंची : सॅक खांद्याच्या खाली सुरू व्हावी आणि कमरेच्या खाली चार बोटांपेक्षा जास्त लोंबू नये.

● पट्टे : दोन हवेत, रुंद हवेत आणि आत फोम हवा. पट्टा सॅकला जोडलाय तिथे चौकोनात फुली अशी शिलाई असेल, तर तो जास्त टिकतो. नुसते एका ओळीचे टाके असतील, तर दोनदा विचार करा.

● चेन : दहा वेळा उघडा-मिटा. वळणावर रनर अडकत असेल, तर ती सॅक नको. चेन गेली की सॅक गेलीच!

● कापड : चिठ्ठीवर ‘६०० डी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर. नऊ हजार मीटर धाग्याचं जेवढे ग्रॅम वजन, तेवढा त्याचा डेनियर. आकडा मोठा, तर धागा जाड. पण जाड कापड जडही असतं, हे विसरू नका.

● पाऊस : आतून लेप दिलेलं कापड थोडा वेळ पाणी अडवतं, पण शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी शिरतंच. पावसाळ्यात वरून घालायचं वेगळं आवरण घ्या.

● रिकामं वजन : हे विचारायला कुणालाच सुचत नाही! कप्पे, बकला, झालरी वाढल्या की वजन वाढतं.

ती चकचकीत काळी सॅक भरून घेतली, तर भाचीच्या कमरेखाली वीतभर लोंबत होती. तिनं स्वतःच ती उतरवून ठेवली. शेवटी घेतली एक साधी, राखाडी, तीन कप्प्यांची. रिकामं वजन ६०० ग्रॅम!

प्रवासाला निघताना

माझ्या कॉलेजच्या दिवसांतली फजिती सांगतो. ऐटीत एकाच खांद्यावर सॅक लटकवून मी स्टेशनचा जिना चढत होतो. त्या एका पट्ट्यावर सगळा भार आला, टाके उसवले आणि लॅपटॉप चार पायऱ्या खाली! दुरुस्तीचं बिल सॅकच्या किमतीच्या चौपट आलं. तेव्हापासून दोन्ही पट्टे, दोन्ही खांदे.

एसटीत लॅपटॉपची सॅक वरच्या फळीवर टाकू नका, मांडीवर घ्या. गर्दीत सॅक पोटाशी धरा. विमानानं गेलात, तर पॉवर बँक मोठ्या सामानात चालत नाही, जवळच ठेवावी लागते. लॅपटॉपही जवळच ठेवा. आणि नागपूरकरांनो, ऊन विसरू नका! मे २०१३ मध्ये आपल्याकडे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत तर त्याहून जास्त तापतं. बॅटरीला ते मुळीच सोसत नाही.

उरलेलं एक किलो

नवी सॅक आली आणि ३०० ग्रॅम वाचले. बाटली शाळेत गेल्यावर भरायची ठरवली, तर एक किलो कमी झालं. चार्जर घरी ठेवला, ४०० ग्रॅम. वेळापत्रकात नसलेली पुस्तकं आणि एक जुनं गाइड बाहेर काढलं, तर १ किलो ३०० ग्रॅम! आठाचे पाच किलो झाले. ज्या दिवशी लॅपटॉप न्यायचा नाही, त्या दिवशी तर फक्त ३ किलो १०० ग्रॅम.

पण लॅपटॉपच्या दिवशी एक किलो जास्तच राहत होतं. ते कोणत्याही दुकानात कमी होणार नव्हतं. भाचीनं सगळी वजनं एका कागदावर लिहिली आणि थेट वर्गशिक्षिकाबाईंकडे गेली. “बाई, त्या दोन दिवशी बाकावरच्या दोघींत मिळून एकच पुस्तक चालेल का?”

बाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “दोघींतच का? सगळ्या वर्गालाच सांगू या.”

त्या रात्री भाचीनं सॅक पुन्हा काट्यावर ठेवली. ४ किलो १०० ग्रॅम.

“शंभर ग्रॅम माफ!” मी म्हटलं.

“माफ काऊन? कंपासपेटी अजून उघडलीच नाही मी!” असं म्हणून तिनं कंपासपेटीतून तीन वाळलेली पेनं, दोन गंजलेले कर्कटक आणि मूठभर गोट्या बाहेर काढल्या.

तर मित्रमैत्रिणींनो, आज रात्री तुमचं दप्तर काट्यावर ठेवा. आधी तुमचं वजन, मग दप्तराचं. दोन्ही आकडे कागदावर लिहा. आणि तुमच्याकडेही असं ‘उरलेलं एक किलो’ निघालं, तर तो कागद घेऊन कुणाकडे जायचं, हे आता तुम्हाला ठाऊक आहे!