हात किती, चाक किती?

कोथरूडला कर्वे पुतळ्याच्या चौकात पाच मिनिटं उभे राहा. पण गाड्यांकडे बघू नका, गाडी चालवणाऱ्यांच्या हातांकडे बघा. पीएमपीचे ड्रायव्हरकाका केवढं मोठं चाक हातावर हात टाकत गरागरा फिरवतात! कारमधल्या काकू त्याच कोपऱ्यावर फेरा-दीड फेरा फिरवतात. आणि रिक्षावाले काका? हँडल जरासं कललं की रिक्षा वळलीसुद्धा!

कोपरा तोच. मग कुणाचे हात दमतात आणि कुणाचे नुसते हलतात, असं का?

सायकलपासून सुरुवात करू. हँडल 30 अंश फिरवलं की पुढचं चाकही 30 अंश फिरतं. हाताचा एक अंश, चाकाचा एक अंश. म्हणजे गुणोत्तर 1:1. रिक्षाचंही तसंच. आता उभ्या कारमध्ये घरातल्या मोठ्या माणसाला चालकाच्या जागी बसवा, गाडी सुरू ठेवायला सांगा आणि स्टिअरिंग डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत किती फेरे फिरतं ते मोजा. साधारण तीन भरतील. तीन फेरे म्हणजे 1080 अंश. तेवढ्यात पुढची चाकं डावीकडे 35 आणि उजवीकडे 35, असे मिळून 70 अंशांच्या आसपास फिरतात. भागाकार करा: सुमारे 15. हातानं 15 अंश फिरवायचे, तेव्हा चाक 1 अंश वळणार!

हे तोट्याचं वाटलं ना? पण त्यात सोय आहे. पुढच्या चाकांवर गाडीचं काहीशे किलो वजन दाबून बसलेलं असतं. पहारीचा लांब दांडा भरपूर खाली दाबावा, तेव्हा टोकाशी धोंडा बोटभर उचलला जातो. इथंही तसंच, हाताला प्रवास जास्त आणि जोर कमी.

म्हणजे गाडी जितकी हलकी, तितका हाताचा प्रवास कमी ठेवता येतो. आणि हलक्या गाड्या आपल्या कोथरूडमध्येच तयार होतात! एमआयटीसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये ताई-दादा स्वतःच्या हातांनी एका माणसाची रेसिंग गाडी बनवतात: नळ्यांचा सांगाडा, मोटरसायकलचं इंजिन, चार उघडी चाकं. अशा गाडीचं वजन बहुतेक वेळा 200 ते 250 किलो असतं. जुनी मारुती 800 सुद्धा 650 किलोंच्या आसपास होती. मग कॉलेजच्या या गाड्या फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेला कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जातात.

तिथं वळणं फार अवघड असतात. अशा विद्यार्थी-स्पर्धांच्या नियमांत सगळ्यात तीव्र वळणाचा बाहेरचा व्यास फक्त 9 मीटर असू शकतो. दोन मोटारी एकापुढे एक उभ्या केल्या की संपला! अशा वळणातून दीड मीटरभर अंतरावर पुढची-मागची चाकं असलेली गाडी न्यायची, तर पुढची चाकं सुमारे 25 अंश वळावी लागतात. खरं म्हणजे आतलं चाक थोडं जास्त आणि बाहेरचं थोडं कमी, कारण आतलं लहान वर्तुळातून जातं. ही युक्ती घोडागाडीच्या काळातली आहे. म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर नावाच्या गाडी-कारागिरानं ती शोधली आणि 1818 साली लंडनमध्ये रुडॉल्फ अ‍ॅकरमननं त्याच्या वतीनं तिचं पेटंट घेतलं. नाव मात्र आजही अ‍ॅकरमनचंच घेतात. मला तर लँकेन्स्पर्गरचं वाईटच वाटतं.

आता रेसर ताईचे हात बघा. वळणामागून वळणं येतात, हात सोडून पुन्हा धरायला वेळ कुठला? स्टिअरिंग न सोडता मनगटं एका बाजूला साधारण 120 अंश जातात. म्हणजे 120 अंशांत चाकं 25 अंश वळायला हवीत. 120 भागिले 25 बरोबर 4.8. घरच्या कारमध्ये 15 आणि इथं पाचसुद्धा नाही!

हा आकडा गाडीत आणायचा कसा? जुन्या कारचा स्टिअरिंग रॅक टेबलावर घ्या. लांबट नळी, दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी बूट, मधून वर आलेला दांडा. नळीच्या आत ग्रीसनं माखलेली पोलादी पट्टी असते, तिच्यावर तिरपे दाते. तीच रॅक. दांड्याच्या तळाशी अंगठ्याहून बारीक दातेरी चाक, ते पिनियन. दांडा पूर्ण एक फेरा फिरवायचा आणि पट्टी किती सरकली ते मोजपट्टीनं मोजायचं. समजा 44 मिलिमीटर भरले. छोट्या कारमध्ये असाच काहीसा आकडा येतो.

पट्टी सरकली की ती टाय रॉड नावाच्या दांड्यामार्फत चाकाला जोडलेला एक छोटा आर्म ढकलते आणि चाक वळतं. वहीत 75 मिलिमीटरची उभी रेघ काढा, हाच आपला आर्म. खालचं टोक पक्कं धरून ती 25 अंश कलती करा. वरचं टोक आडवं किती सरकलं? सुमारे 32 मिलिमीटर. हे 120 अंशांत, म्हणजे एक तृतीयांश फेऱ्यात व्हायला हवं. मग पूर्ण फेऱ्यात 96! आपल्या जुन्या रॅकमध्ये निम्मेसुद्धा नाहीत.

परिघाचं सूत्र इथं उपयोगी पडतं. 44 ला 3.14 नं भागा: पिनियनचा व्यास 14 मिलिमीटर. 96 ला भागा: साडेतीस. म्हणजे दुपटीहून मोठं पिनियन नव्यानं बनवून घ्यायचं. खर्चाचं काम!

मग कुणीतरी म्हणतं, रॅक राहू दे, आर्मच 35 मिलिमीटरचा करू. हिशोब बरोबर जुळतो. पण सांध्यात एकच मिलिमीटर ढिलेपणा असला, तर एवढ्या छोट्या आर्मवर चाक दीड अंशाहून जास्त लटपटतं आणि स्टिअरिंगवर तो ढिलेपणा जवळजवळ 8 अंशांचा होतो. स्पर्धेचा नियम काय म्हणतो? एकूण 7 अंशांपेक्षा जास्त चालणार नाही. गाडी तपासणीतच अडकली! आर्म 75 चा असता, तर तोच ढिलेपणा चार अंशांच्या आत राहिला असता. म्हणून माझं मत मोठ्या पिनियनला.

बरं, मग गुणोत्तर अजून कमी, 3 करू या का? नको. सरळ रस्त्यावर खड्ड्यानं हात 5 अंश हलला, तर घरच्या कारचं चाक एक तृतीयांश अंश वळतं, आपल्या गाडीचं 1 अंश, आणि 3 केलं तर जवळजवळ पावणेदोन. जोरात जाणारी गाडी सैरभैर व्हायची. शिवाय जोरही जास्त लागणार, आणि वीस मिनिटांनी ताईचे खांदे भरून येणार.

फॉर्म्युला वनवालेही या हिशोबातून सुटले नाहीत. मोनॅकोच्या शहरी रस्त्यांवर एक वळण इतकं तीव्र आहे की चाकं जास्त वळावीत म्हणून तेवढ्या शर्यतीपुरते गाडीत खास बदल करतात.

कॉलेजच्या टीमला एक स्वस्त सोय करता येते. आर्मवर एकाऐवजी दोन भोकं पाडायची, 75 मिलिमीटरवर एक आणि 85 वर दुसरं. टाय रॉडचा बोल्ट काढून बाहेरच्या भोकात घातला की स्टिअरिंग थोडं संथ आणि हलकं होतं. मग मोकळ्या मैदानात प्लॅस्टिकचे शंकू मांडायचे, ताईला दोन्ही भोकांवर गाडी चालवायला द्यायची आणि स्टॉपवॉच धरायचं. शिवाय उतरल्यावर तिला विचारायचं, हात कुठल्या वेळी जास्त दुखले?